बेबीची पेटी

कन्हेरीच्या आमच्या घरात आईची म्हणून एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात आईचं स्वतःचं असं काहीही नव्हतं. लग्नात माहेराहून आलेली ती निळी पेटी. झाकणावर कमळ रंगवलेलं, त्याच्या पाकळ्यांचे पोपडे निघालेले. ज्वारीच्या कणगीमागं ती सरकवून ठेवलेली असायची, आणि बाहेर ओढली की शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिचा खर्र असा आवाज व्हायचा. तो आवाज आला की आम्ही दोघं भावंडं, मी आणि बापू, असू तिथं गप्प व्हायचो. आई पेटीशी बसली असताना तिला हाक मारायची नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कळलं होतं. घर लहानच, दोन खण आणि पुढं पडवी. पडवीत आमचा आजा घोंगडीवर बसून असायचा. त्याच्या तरणेपणी आमची शंभरभर मेंढरं होती म्हणे. माझ्या आठवणीत चारच उरली होती, तीही त्याला चैन पडत नाही म्हणून ठेवलेली. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. ते माळेगावला साखर कारखान्यात कामाला होते आणि हंगामात दोन-तीन दिवसांनी एकदा सायकलवर घरी यायचे. आले की अंगाला मळीचा आंबूस-गोड वास असायचा, अंघोळ केली तरी न जाणारा. बोलायचे थोडं. बाजरीची भाकरी दुधात कुस्करायचे, वर लसणाची चटणी घ्यायचे आणि जेवताना ताटाबाहेर नजर काढायचे नाहीत.

पेटीतलं सगळं बेबीचं होतं. बेबी माझी पाठची बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. ती दोन वर्षांची झाली तेव्हा आईला तिसऱ्या खेपेचे दिवस गेले होते. अंगावर सूज आली आणि बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं. तात्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, सणसरला दिली होती. घरी बागायत, दारात विहीर, पण लग्नाला बारा वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. ती आली आणि म्हणाली, "दोन महिने न्हेते पोरीला. तू बाळंत झालीस की आणून सोडते." आईनं बेबीचे दोन फ्रॉक पिशवीत घातले. बापू झाला. बारशाला आत्या एकटीच आली. पोरीला सर्दी झालीय, म्हणाली. मग पाऊस लागला, मग दिवाळी आली. दरम्यान सणसरला आत्याचे मालक, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालली होती ती थांबली. एका दुपारी जेवता जेवता आजा म्हणाला, "आता पोर मागू नगा. लेकीचं घर ऱ्हातंय त्यानं." तात्या भाकरी कुस्करत राहिले. आई बापूला पाजत होती. तिनं पदर नीट केला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. बेबीला दिली, असं आमच्या घरात कुणी कधी तोंडातून काढलं नाही. फक्त तिला परत आणली नाही.

सणसरच्या शाळेत तिचं नाव आबांच्या नावानं लागलं. तिथं ती जयश्री झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आठ-दहा दिवस आमच्याकडं यायची ती मामाच्या गावाला आलेली भाची म्हणून. एसटीतून फाट्यावर उतरायची, हातात नवी पिशवी, पायात बक्कलाच्या चपला. "मामी!" अशी लांबूनच हाक मारत पळत यायची. आईला मामी म्हणायची आणि तात्यांना मामा. मी तेव्हा आईच्या तोंडाकडं बघायचे. ती हसायची, पण हसण्याआधी क्षणभर काहीतरी व्हायचं, चटका बसल्यावर हात मागं घेतो तसं. मग ती पाहुणीचा पाहुणचार करायची. शेवया, आमरस, तुपाची धार. आम्हाला वर्षभर न मिळणारं सगळं त्या आठ दिवसांत चुलीवर चढायचं. गावाला माहीत होतं, सणसरला माहीत होतं, भावकीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त तिला. सगळ्यांनी मिळून एखादी गोष्ट न बोलायची ठरवली की ती किती वर्षं टिकते, याचं मला आजही नवल वाटतं.

ती नऊ वर्षांची असताना, अशाच एका सुट्टीत, आई रानात गेलेली बघून तिनं पेटी ओढली. मी आवाज ऐकून धावले तोवर झाकण उघडलं होतं. आत कापडात बांधून ठेवलेलं एकेक ती बाहेर काढत होती. अंगडी, टोपडी, काळ्या मण्यांच्या मनगट्या, पत्र्याचा खुळखुळा, जुन्या लुगड्याचं दुपटं. "हे कुणाचं गं?" तिनं विचारलं. "माझं," मी म्हणाले. मला तेवढं तरी सुचलं. पण तळाशी फोटो होता. बारामतीच्या स्टुडिओत काढलेला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. आई खुर्चीत बसलेली, मांडीवर बेबी, शेजारी मी उभी. जयश्रीनं तो उजेडात धरला, खूप वेळ बघितला आणि काही न विचारता परत ठेवला. सणसरला गेल्यावर मात्र तिनं विचारलं.

आठवड्याच्या आत आत्या आली. तिनं ओट्यावर बसून पाणीसुद्धा घेतलं नाही. मी आत मिरच्या खुडत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"शेवंते," ती आईला म्हणाली, "पोरगी इचारती, मामीच्या मांडीवर मी कशी? तिच्या हनुवटीवरची खूण बी दिसती फोटोत."

"तुमी काय सांगितलं?"

"सांगितलं, पाव्हनी आलतीस तवा काढलाय. आज ऐकलं तिनं. उद्या ऐकंल का?"

आत्याचा आवाज खाली आला. "मी पोर फुलावानी संभाळली का न्हाय, तूच सांग. तिला गोवर निघाला तवा नऊ दिवस मी पाठ टेकली न्हाय. पन ही पेटी हितं हाय तवर माझी पोर अर्धी हितंच हाय, असं वाटतं बग मला. तुझ्या पाया पडते. रिकामी कर ती."

"येकदम न्हाय व्हायचं माझ्यानं, आक्का."

"मग हळूहळू कर. पन कर."

आत्या वाईट बाई नव्हती. हे मी आता म्हणू शकते. त्या दिवशी मला तिचा राग आला होता आणि, खरं लिहायचं तर, थोडं बरंही वाटलं होतं. त्या पेटीत माझं काहीच नव्हतं. माझी अंगडी बेबीनं फाडली, माझं पाळण्यातलं दुपटं बेबीखाली कुजलं. घरात राहिलेल्या पोरीची आठवण ठेवायची कशाला, ती डोळ्यांसमोरच असते. हे शहाणपण मला चाळिशीत आलं. चौदाव्या वर्षी मला एवढंच दिसायचं की आई त्या पेटीपुढं बसते तशी माझ्यापुढं कधी बसत नाही.

मग पेटी रिकामी व्हायला लागली. आईनं त्याला काही नेम धरला नव्हता. पंधरा दिवस, महिना काही व्हायचं नाही, आणि मग एखाद्या सकाळी खर्र असा आवाज यायचा. ती एकच वस्तू काढायची, झाकण लावायची आणि पेटी पुन्हा मागं सारायची. रडायची नाही. पण त्या दिवशी भाकरी करपायची. बापूला विनाकारण धपाटा बसायचा, कालवणात मीठ दोनदा पडायचं. भाकरीचा करपट वास आला की मी ओळखायचे, आज काहीतरी गेलं.

पहिल्यांदा पांगुळगाडा गेला. तो पेटीत मावत नव्हता म्हणून माळ्यावर ठेवलेला होता. गावच्या सुतारानं बाभळीच्या लाकडाचा केलेला, तीन चाकांचा. समोरच्या घरातल्या सुनेचा पोरगा पाय टाकायला लागला होता, तिला आईनं बोलावून दिला. तिथं आईची चूक झाली. कारण तो गाडा रोज सकाळी आमच्या दारासमोरून कुरकुरत जायला लागला. चाकं तेल मागत होती, आणि तो आवाज एखाद्या लहान जनावरासारखा चिरका होता. आई त्या वेळेला रानात निघून जायला लागली. काम नसलं तरी जायची, बांधावर बसून यायची. शेवटी आज्यानंच काठी टेकत जाऊन त्या चाकांत एरंडेल घातलं.

अंगडी-टोपडी एकेक करून गेली. आमच्याकडं नव्या बाळाला पहिलं अंगडं जुनंच घालतात, एखाद्या धडधाकट वाढलेल्या लेकराचं. त्यामुळं मागायला बायका आपण होऊन यायच्या. "शेवंताबाई, तुमच्या बेबीचं द्या की. चांगली गुटगुटीत हाय." आई द्यायची, आणि दिलेलं अंगडं घातलेलं बाळ बघायला मात्र कधी जायची नाही. एक टोपडं तिनं तात्यांबरोबर माळेगावला पाठवलं. कारखान्यापाशी ऊस तोडायला आलेल्या बायकांची पालं पडायची, त्यांच्यातल्या एखादीला द्या म्हणून. तात्यांनी ते सायकलच्या पिशवीत दोन खेपा तसंच नेलं-आणलं. तिसऱ्या खेपेला पिशवी रिकामी होती. "दिलं का?" आईनं विचारलं. "दिलं." "पोरगा हुता का पोरगी?" तात्या चपला काढत होते. म्हणाले, "मी बघितलं न्हाय." तेवढंच. पण त्या रात्री ते जेवले नाहीत, पोटात गच्च झालंय म्हणाले.

दुपटं आईनं स्वतः उसवलं. आज्जीच्या हिरव्या लुगड्याचे चार पदर आणि मध्ये मऊ झालेलं धोतर. दिवसभर उंबऱ्यात बसून ती टाका टाका काढत होती. धुऊन, उन्हात घालून तिनं त्याची भाकरी बांधायची फडकी केली. वर्षभर आम्ही त्यात बांधलेली भाकरी शाळेत नेली आणि वर्षभरात ती विरून गेली. काळ्या मण्यांच्या मनगट्या आज्यानं मागून घेतल्या. त्याच्या एका मेंढीला कोकरू झालं होतं, त्याच्या गळ्यात त्यानं त्या एकाला एक जोडून बांधल्या. आई बघत होती. मला वाटलं, आता ही चिडणार. पण ती म्हणाली, "बरं दिसतंय," आणि पुढं महिनाभर त्या कोकराला तीच पाला घालायची. खुळखुळा मी मोडीत घातला. आईनं सांगितलं होतं, भंगारवाला आला की देऊन टाक. त्यानं त्याच्यावर मला चिक्कीचा तुकडा दिला, तो मी घरी येईपर्यंत खाऊन टाकला. बापूला दिला नाही.

जावळाची पुरचुंडी घेऊन आम्ही दोघी कालव्यावर गेलो. जावळ काढलं तेव्हा सगळे केस देवाला वाहिलेले, पण आईनं चिमूटभर लपवून ठेवले होते. कालव्याला पाणी नुकतंच सुटलेलं, गढूळ, वर काटक्या आणि फेस. आईनं पुरचुंडी सोडली, केस पाण्यावर टाकले आणि फडकं पिळून कनवटीला खोचलं. परतताना मला म्हणाली, "लई मऊ हुते गं. तुझे राठ हुते." त्या सगळ्या वर्षात पेटीतल्या वस्तूंबद्दल ती माझ्याशी बोलली ते एवढंच एक वाक्य.

उरला फोटो. तो ती काढायची आणि परत ठेवायची. दोनदा-तीनदा असं झालं. दसऱ्याच्या आधी घर सारवायला काढलं त्या सकाळी मी न्हाणीपाशी चुलवणाला जाळ घालत होते. आई आली. पुठ्ठ्याची मागची बाजू वर करून तिनं फोटो माझ्या हातात दिला. "मंगल, ह्ये चुलवणात घाल. माझ्याच्यानं हुत न्हाय," म्हणाली आणि गोठ्याकडं निघून गेली. मी तो सुलटा केला. माझा लहानपणीचा तेवढाच एक फोटो होता, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी ठेवू शकले असते. दप्तरात, वहीत, कुठंही. आई काही विचारायला येणार नव्हती. कदाचित तिला तेच हवं होतं, म्हणून तिनं तो माझ्या हाती दिला होता. हा विचार मला आज छळतो. मी तो जाळात घातला. पुठ्ठा आधी वाकला, मग आईच्या चेहऱ्यावर एक बुडबुडा आला. पाणी नेहमीसारखं तापलं आणि मी त्या पाण्यानं अंघोळ केली.

त्याच दिवाळीत आत्या भाऊबिजेला आली, जयश्रीला घेऊन. आदल्या दिवशीपासून घरात तळणाचा वास. भाऊबिजेच्या सकाळी आईनं जयश्रीला आधी न्हाऊ घातलं. उटणं लावून, डोक्यावरून तांब्यामागून तांब्या ओतत, केस निपटून, असं सावकाश. माझी पाळी आली तोवर पाणी कोमट झालं होतं, आणि मी कुडकुडत एकटीच अंगावर घेऊन बाहेर आले. जयश्री पडवीत केस वाळवत बसली होती. मला बघून हसून म्हणाली, "मामी तुझी आई असून लाड माझेच करती." तिच्या मनात काही नव्हतं. दहा वर्षांची पोर. पण माझ्यात वर्षभर काहीतरी साठत आलं होतं, ते फुटलं.

"करंल न्हाय तर काय," मी म्हणाले. "तुझी बी आईच हाय ती. दोन वर्साची असताना सणसरला न्हेलं तुला, ते परत आणलंच न्हाय. सगळ्यांना म्हाईत हाय. तुलाच न्हाय."

ती उठली. ओले केस पाठीवर तसेच, झग्याची मागची बाजू भिजलेली. सरळ चुलीपाशी गेली. आई करंज्या तळत होती, आत्या पोळपाटावर लाटून देत होती. मी दारातच थांबले.

"मामी, मंगल म्हनती तू माझी आई हायस. खरं हाय का?"

तेलात एक करंजी होती. आत्याचं लाटणं थांबलं. तिनं आईकडं बघितलं. तसं बघणं मी पुन्हा कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही. आईनं झाऱ्यानं करंजी उलटी केली.

"चेष्टा करती गं ती," आई म्हणाली.

"शपथ घे."

"सणाच्या दिवशी शपथ घिऊ न्हाय."

जयश्री वळली, कणगीमागं वाकली आणि पेटी ओढली. खर्र. झाकण उघडलं. आत मटकी आणि हुलग्याची गठुडी होती, किडू नयेत म्हणून वर लिंबाचा पाला टाकलेला. तिनं गठुडी बाहेर काढून ठेवली, पार तळापर्यंत हात घालून चाचपलं, कोपऱ्यांतून बोटं फिरवली. मला माहीत होतं तिथं काही नाही. एक वस्तू राहिली असती तर मी त्याच दिवशी खरी ठरले असते. तिनं वर बघितलं ते माझ्याकडं.

"खोटारडी," ती म्हणाली.

आईनं उठून येऊन माझ्या मुस्काटात मारली. त्या आधी तिनं मला कधी तोंडावर मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही. हाताला पीठ होतं, ते माझ्या गालावर राहिलं. आत्या रडायला लागली आणि म्हणाली, धूर किती झालाय घरात. आई परत चुलीपाशी बसली, आणि उरलेल्या सगळ्या करंज्या तिनं तळल्या. एकही करपली नाही. दुपारी बापूला आम्ही दोघींनी ओवाळलं, आधी मी, मग आतेबहीण म्हणून ती. संध्याकाळच्या गाडीनं त्या दोघी गेल्या.

त्यानंतर जयश्री पाच वर्षं आमच्याकडं आली नाही. परीक्षा आहे, क्लास आहे, आबांना बरं नाही. आई आणि मी त्या सकाळबद्दल एक शब्द बोललो नाही. मी बारामतीला डी.एड.ला लागले, शनिवार-रविवार घरी यायचे. अशाच एका शनिवारी दुपारी, आई अंगणात सुपात उडीद पाखडत असताना, ती दारात उभी राहिली. एकटी. शाळेचा पंजाबी ड्रेस, पाठीला दप्तर, उन्हानं लाल झालेलं तोंड. दहावीचा फॉर्म भरताना आबांच्या कपाटात तिला स्वतःच्या जन्माच्या नोंदीचा उतारा सापडला होता. त्यावर गाव कन्हेरी आणि नावं आमच्या आईबापांची.

"मामी," तिनं तीच हाक मारली. "मला का दिलं? मंगलला का न्हाय?"

आईनं सूप खाली ठेवलं. खूप वर्षं तयार करून ठेवलेलं उत्तर असावं तसं ती म्हणाली, "तू ल्हान हुतीस. इसरशील वाटलं. मंगल सात वर्साची, ती इसरली नसती."

"म्हंजे इसरनार म्हनून दिली."

"दिली न्हाय गं. आणायची ऱ्हायली."

जयश्री उन्हातच उभी होती. ओट्यावर ये म्हटलं तर आली नाही. "त्या दिवशी पेटीत काय बी नव्हतं," ती म्हणाली. "मी पाच वर्सं मंगलला खोटारडी म्हनत आले."

"मीच काढलं समदं. आक्काचा जीव टांगणीला लागला हुता. तुझं तितं नीट बसावं म्हनून."

"येक तरी ठेवायचं हुतं."

आई सुपातले उडीद बोटानं इकडचे तिकडं करत राहिली. तेव्हा मी सांगितलं. फोटो मी जाळला, आईनं दिला पण जाळला मी, आणि मला तो ठेवता आला असता. मला वाटलं ती माझ्या अंगावर येईल. तिनं विचारलं, "कशी हुते मी त्यात?"

मी आठवून सांगितलं. गाल फुगलेले, डोळ्यांत काजळ जास्त झालेलं, एक बोट तोंडात. दुसऱ्या मुठीत आईचा पदर. माझा हात तिच्या पावलावर, ती मांडीवरून पाय झाडत होती म्हणून फोटोवाल्यानं मला धरायला सांगितलं होतं. ती सगळं ऐकत होती, वर्गात बाईंचं ऐकावं तशी. मग तांब्याभर पाणी प्यायली. भाकरी खा म्हटलं तर नको म्हणाली. चारच्या गाडीला मी तिला फाट्यावर सोडायला गेले. गाडीत चढताना म्हणाली, "मी आलते ते आईला सांगू नका." आई म्हणजे आत्या. आम्ही सांगितलं नाही.

पुढचं थोडक्यात लिहिते, कारण ते माझ्या लहानपणातलं नाही. पण ते लिहिल्याशिवाय हे प्रकरण मला मिटवता येत नाही. आबा गेले. आत्याला अर्धांगाचा झटका आला, तिचं तिलाच उठता येईना. जयश्रीचं लग्न झालं होतं, पहिलटकरीण होती. आठव्या महिन्यात ती पिशव्या घेऊन कन्हेरीला उतरली आणि दारातून म्हणाली, "मामी, बाळंतपणाला आले." बारामतीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. सव्वा महिना आईनं तिचं सगळं केलं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाळाला तेल लावून पायांवर घेऊन अंघोळ, ओव्याची धुरी. त्या सव्वा महिन्यात आई तरणी झाल्यासारखी चालायची. जयश्री तिच्याशी चांगलं बोलायची, सांगेल ते खायची. जवळ यायची नाही आणि लांबही जायची नाही. हाक मामी हीच राहिली.

जायच्या दिवशी मी नोकरीला होते तिथून, इंदापूरहून, मुद्दाम गेले होते. जीप दारात उभी. जयश्री सामान भरत होती. दोरीवरचे लंगोट मोजून घेतले. तेलाची वाटी, काजळाची डबी, बाळाला टेकवलेली उशी, अंगठ्याएवढ्या औषधाच्या बाटलीचं बूचसुद्धा. पलंगाखाली वाकून बघितलं. कणगीमागं बघितलं.

"मामी, येक मोजा कमी हाय."

"असू दे की," आई म्हणाली. "सापडला की देते पाठवून."

"न्हाय. हिचं हितं काय बी ऱ्हायला नको."

आवाजात राग नव्हता. आम्ही तिघी शोधायला लागलो. अंथरूणं झटकली, वाकळा उलगडल्या, मी चुलीमागंही बघितलं. जीपवाल्यानं हॉर्न दिला. आई खोलीच्या मधोमध उभी राहिली. मग तिनं कनवटीला हात घातला आणि तिथं दुमडून खोचलेला मोजा बाहेर काढला.

जयश्रीनं बाळाला खांद्यावरून हातावर घेतलं आणि लेकीचा उघडा पाय आईच्या पुढं केला. आईनं मोजा घातला, टाच नीट बसते का बघितलं, आणि जयश्री बाळाला घेऊन जीपमध्ये बसून गेली.